सात दिवसांच्या रकान्यात अडकलेली स्लॅग

राफ्टच्या, म्हणजे इमारतीखालच्या सलग पायाच्या, एम३० काँक्रीटमध्ये (२८ दिवसांना ३० मेगापास्कल ताकदीचं) घनमीटरमागे ३६० किलो ओपीसीऐवजी, म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटऐवजी, १८० किलो ओपीसी आणि १८० किलो जीजीबीएस, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली दळलेली स्लॅग. टनभर ओपीसीमागे साधारण ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे घनमीटरमागे सव्वाशे किलो तरी वाचतो. मिक्स डिझाइन, ट्रायल, प्लांटचा होकार, सगळं सुरळीत झालं. गाडी अडली ती सल्लागाराच्या छापील तपासणी फॉर्मवर.

फॉर्ममध्ये रकाना होता: ‘७ दिवस, किमान ६७ टक्के’. म्हणजे २० मेगापास्कल. आमचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायला दाबून फोडायचे काँक्रीटचे ठोकळे, १७-१८ ला फुटले आणि लाल शेरा पडला. स्लॅग उशिरा जागी होते. ओपीसीतून सुटलेल्या चुन्यामुळे तिची प्रक्रिया चालू होते, थंडीत तर आणखी रेंगाळते. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, पास-नापास ठरवतं ते २८ दिवसांच्या क्यूबवर. ७ दिवसांची चाचणी ऐच्छिक, अंदाजासाठी. शिवाय राफ्टखाली जमीन असते हो, टेकू थोडेच काढायचेत! तरी उत्तर एकच, ‘सगळ्या साइटना हाच फॉर्म आहे.’

वाद घालून काही हललं नाही. हललं ते कागदांनी: ट्रायलच्या ७, १४, २८, ५६ दिवसांच्या क्यूबचा आलेख आणि ४५६ मधल्या तक्ता ५ खालची टीप. आयएस ४५५ या स्लॅग सिमेंटच्या मानकातल्या मर्यादेपर्यंत, म्हणजे ७० टक्क्यांपर्यंत, स्लॅग सिमेंटमध्ये धरायला ती टीप मुभा देते. २८ दिवसांना ३९ मेगापास्कल आले तेव्हा कुठे त्या रकान्यात याच मिक्सचा आकडा लिहिला गेला. तुम्ही तो मिक्सच्या मंजुरीपत्रातच लिहून घ्या, काँक्रीट पडायच्या आधी.

स्लॅबखाली टेकू असतात, म्हणून तिथे मात्र ५० टक्के स्लॅगचा हट्ट नको, ३० ठीक. सेंटरिंग काढायचा निर्णय प्रयोगशाळेतल्या २७ अंशांच्या टाकीतल्या क्यूबवर घेऊ नका. स्लॅबशेजारीच ठेवून, तसंच पाणी मारलेले क्यूब फोडा. पाणी किमान १० दिवस, कोरड्या उन्हात १४.

आणि हो, ऑर्डरवर ‘ओपीसी ५३’ स्पष्ट लिहा. पीपीसी या मिश्र सिमेंटमध्ये फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची राख, आधीच असते. वर निम्मी स्लॅग गेली तर १८० किलोतलं खरं ओपीसी कितीसं उरणार? चलनावर फक्त ‘एम३०’ असतं. प्रत्येक गाडीचा बॅच रिपोर्ट मागा, त्यात सिमेंट आणि जीजीबीएस वेगवेगळ्या रकान्यांत दिसलंच पाहिजे.