कुंभारीण आणि नीलवंत

गोव्यात फोंडा तालुक्यातील आमच्या घराच्या पडवीत खांबावर मातीची वाटोळी घरटी दिसतात. ती बांधते कुंभारीण, म्हणजे डेल्टा प्रजातीतील एकांडी गांधीलमाशी. तिला ना राणी, ना पोळे. ओल्या मातीची गोळी जबड्यात धरून आणायची, थापून खोली घडवायची, अळ्यांना डंखाने लुळे करून आत कोंडायचे आणि तोंड लिंपून निघून जायचे, हे सारे ती एकटीच करते.

कोंडलेली अळी कुंभारणीचाच ध्यास घेते आणि अखेर कुंभारीण होऊन बाहेर पडते, असे आजी सांगत असे. देवळातील कीर्तनात हाच कीटक-भृंग न्याय गुरुशिष्यांच्या नात्यासाठी मी अनेकदा ऐकला. लहानपणी एक बंद घरटे फोडले, तेव्हा आत हिरव्या अळ्या निघाल्या, जिवंत पण निश्चल, आणि त्यांतलीच एक कुरतडत बसलेले पाय नसलेले फिकट पिल्लू. कुंभारीण खोलीत शिकार भरण्यापूर्वीच छताला बारीक धाग्याने एक अंडे टांगते. बाहेर पडते ती त्या अंड्यातली संतती, अळी नव्हे. त्या दिवशी मला फार वाईट वाटले होते.

आजीच्या कथेतील चमत्कार मात्र परसातल्या लिंबूच्या झाडावर खरोखरच घडत होता. नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, हे २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असले तरी आमच्या कुळागरांतही, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांतही, ते सहज दिसते. पंख पसरले की रुंदी बारा ते पंधरा सेंटिमीटर भरते. मादी पुढच्या पायांनी पानाची चव पारखते, अंडे ठेवते आणि उडून जाते. संततीसाठी ती घर बांधत नाही की अन्न साठवत नाही. कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते आणि डिवचली तर डोक्यामागून उग्र वासाचे शिंग बाहेर काढते. कोशात तिचे बरेचसे शरीर विरघळते आणि तिच्यातच आधीपासून असलेल्या पेशींच्या पुंजक्यांतून पंख, पाय, डोळे घडतात. येथे अळीच फुलपाखरू होते.

कुंभारणीचे पिल्लूही कोशावस्थेतून जाते, हे खरे. पण ते परक्या जिवावर पोसलेले असते. तरीही मातृत्वाचे कष्ट पाहिले तर माझा कौल कुंभारणीलाच आहे. यंदा पडवी रंगवताना खांबावरची घरटी मी काढू दिली नाहीत. त्यांतली दोन अजून बंद आहेत.