पिक्चर कसा होता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. ऑफिसात डबा खाताना विचारलंत, लग्नाच्या पंगतीत विचारलंत, मागच्या आठवड्यात तर थिएटरचा जिना उतरताना विचारलंत. "तू एवढे पिक्चर बघतेस, मग कसा होता ते कधीच का सांगत नाहीस?" मी "दोन दिवसांनी सांगते" म्हणते. ते दोन दिवस कधी उजाडत नाहीत हे तुम्हालाही माहीत झालंय. मी शिष्ट आहे, आमच्याशी बोलणं हिला कमीपणाचं वाटतं, असं माझ्यामागे बोललं गेलंय, तेही माझ्या कानावर आलंय. एकदाच काय ते सांगून टाकते.

माझे वडील टपाल खात्यात होते. गाव संगमेश्वर तालुक्यात. आप्पा रत्नागिरीला कामाला गेले की रात्रीचा खेळ बघायचे, परतीची एसटी नसायची म्हणून ओळखीच्यांकडे मुक्काम करायचे आणि दुसऱ्या दिवशी घरी यायचे. संध्याकाळी आमच्या पडवीत वाडीतली माणसं जमायची. आप्पा पिक्चर सांगायचे. सांगायचे म्हणजे अख्खा सांगायचे. 'पिंजरा' मी पडद्यावर बघायच्या आधी किमान चार वेळा ऐकला होता. तमाशाच्या फडात मिसळून गेलेल्या मास्तरवर स्वतःच्याच खुनाचा आरोप येतो, तिथवर आले की ते थांबायचे आणि पाण्याचा तांब्या उचलायचे. ते पाणी संपेपर्यंत कुणी हलायचं नाही. बायका घरून भिजवलेले वाल घेऊन यायच्या. बिरड्याचे वाल सोलायला वेळ लागतो आणि आप्पांचा पिक्चरही दोन रात्री चालायचा, दोन्ही कामं बरोबरीने व्हायची. त्यातल्या कित्येक बायकांनी थिएटर आतून बघितलेलं नव्हतं.

मग मी पुण्याला शिकायला आले आणि एका फिल्म क्लबची सभासद झाले. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये खेळ असायचे. तिथे मी सत्यजित राय बघितले, जपानचा दिग्दर्शक ओझू बघितला. जपानी घरात जमिनीलगत ठेवलेला तो कॅमेरा बघून मी रात्रभर जागी राहिले होते. खेळ संपला की बाहेर चहा व्हायचा आणि चहाबरोबर मतं. कोण आधी बोलतं आणि कोण जास्त नेमकं बोलतं, याची मनातल्या मनात चढाओढ असायची. नुसतं "आवडला" म्हणणाऱ्याकडे कुणी वळून बघायचं नाही. मी लवकर शिकले. सहा महिन्यांत मला कुठल्याही पिक्चरबद्दल जिना उतरायच्या आत दहा वाक्यं बोलता यायला लागली.

ती मुलगी वाईट नव्हती, हे मला तिच्या बाजूने सांगायचंय. आपल्याला रडू का आलं, हे बघता येतं, त्याला नावं आहेत, हे तिला पहिल्यांदाच कळलं होतं. त्या आनंदाला मी आज नावं ठेवणार नाही.

2004 साली 'श्वास'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठी सिनेमाला तो मान मिळत होता. मग भारताकडून ऑस्करला पाठवायलाही त्याचीच निवड झाली, तिकडच्या प्रचाराला पैसे लागतात म्हणून लोकांनी वर्गण्या काढल्या. ते दिवस तुम्हाला आठवत असतील. आप्पा तेव्हा काही कामासाठी पुण्यात आले होते. मीच त्यांना घेऊन गेले. कोकणातला आजोबा नातवाला डोळे दाखवायला पुण्यात आणतो. डोळ्यांचा कॅन्सर निघतो, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. ऑपरेशनच्या आधी आजोबा कुणाला न सांगता पोराला हॉस्पिटलमधून बाहेर नेतो, शहर दाखवायला. त्या वेळी आप्पांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मी बघितलं होतं ते. मला तेही दिसलं होतं.

बाहेर आलो. बसस्टॉपवर आप्पांनी सुरुवात केली, "तो म्हातारा जेव्हा पोराचा हात धरून बाहेर पडतो ना गो..." त्यांचा आवाज पडवीतला होता. आज मला कळतं की ते मला काही विचारत नव्हते. गावी जाऊन सांगायचा पिक्चर ते माझ्यापुढे पहिल्यांदा लावून बघत होते.

मी त्यांना मध्येच तोडलं. म्हटलं, आप्पा, तिथे पार्श्वसंगीत किती वापरलंय बघितलंत का? आपण कधी रडायचं ते आधीच ठरवून दिलंय. कॅमेरा टीव्हीच्या मालिकेसारखा चेहऱ्यांवर आहे. डॉक्टरचं पात्र आजोबाच्या तुलनेत सोपं करून टाकलंय. बस आली, आम्ही चढलो, मी बोलतच होते. स्वारगेट येईपर्यंत बोलत होते. आप्पा मान हलवत होते. उतरताना एवढंच म्हणाले, "असं असतं होय." मला वाटलं, त्यांना पटलं. मला अभिमान वाटला, हेही लिहिते. वडिलांना काहीतरी शिकवलं असं वाटून मी त्या रात्री खूश होते.

दिवाळीला घरी गेले. आप्पा पुण्यात 'श्वास' बघून आलेत हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं, पण सांगायचं राहिलं होतं. वसुबारसेच्या रात्री माणसं जमली. पेपरात त्या पिक्चरचं रोज काही ना काही येत होतं, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्तच आली होती. शेजारच्या काकी परातभर वाल घेऊन उंबऱ्याशी बसल्या. कुणीतरी म्हणालं, "हां आप्पा, होऊ द्या."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरा आहे. म्युझिक जरा जास्त आहे त्यात. आणि कॅमेरा टीव्हीसारखा."

सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. कुणी तरी विचारलं, पण होतं काय त्यात? आप्पा म्हणाले, "पोराचे डोळे जातात." मग भाताच्या कापणीचं बोलणं निघालं, माणसं एकेक करून उठली. काकींनी परात उचलली. अर्ध्याहून जास्त वाल सोलायचे राहिले होते.

मी भिंतीला टेकून बसले होते. माझी वाक्यं त्यांच्या तोंडून ऐकली, एकही शब्द चुकला नव्हता. त्या वाडीत बहुतेकांना तो पिक्चर बघायला मिळणार नव्हता. त्यांच्या वाट्याला पिक्चर आलाच नाही, माझं मत आलं.

त्यानंतर आप्पांनी पिक्चर सांगितलेला मला आठवत नाही. आई म्हणते, असं काही नाही, घरोघरी टीव्ही आले, सीडी आल्या, जमायचं आपोआप बंद झालं. तिचं खरंही असेल. मला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल. मी त्यांना कधी विचारलं नाही.

तर हे कारण आहे. तुम्ही जिन्यात विचारता तेव्हा तुमच्या तोंडात तुमचा पिक्चर अजून तयार होत असतो आणि माझ्याकडे दहा वाक्यं तयार असतात, आजही. ती माझ्या तोंडून बाहेर पडू नयेत म्हणून मी गप्प बसते. पण तुमच्यातला एकजण म्हणाला होता, "म्हणजे आमचं मत तुझ्या दोन वाक्यांनी उडून जाईल असं तुला वाटतं. हा तर जास्तच माज झाला." याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही आप्पा नाही, तुम्ही माझ्याशी भांडाल, हे मलाही दिसतं.

आणि गप्प राहून काही चांगलंच होतं असंही नाही. 2016 मध्ये 'सैराट' आला तेव्हा गाण्यांवर खुर्च्यांमधल्या वाटेत नाचणारी पोरं शेवटी उठायलाही तयार नव्हती, हे आपण एकत्रच बघितलं. आवाज बंद होतो आणि लहान पोराच्या पावलांचे रक्ताळलेले ठसे उरतात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेवट असा हवा होता की नको यावर तास न् तास वाद चालला. घरच्यांना न जुमानता जातीबाहेर लग्न केलेली एक मुलगी आमच्यात होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, तुम्हाला शेवट कसा वाटला?" मी म्हटलं, दोन दिवसांनी सांगते. ती मान हलवून गेली. अगदी आप्पांनी हलवली होती तशीच. तिला त्या दिवशी, त्या क्षणी कुणीतरी बोलायला हवं होतं आणि मी माझं जुनं पाप सांभाळत बसले. पुढे तिने नोकरी बदलली. माझं सांगणं राहिलं.

'श्वास'ही मी पुन्हा बघितला, दोनदा. पार्श्वसंगीताबद्दलचं माझं मत फारसं बदललं नाही. डॉक्टरच्या बाबतीत मी साफ चुकले होते. त्याची घाई आणि त्याचा राग मला बावीसाव्या वर्षी दिसूच शकत नव्हता. पण समजा मी सगळंच बरोबर बोलले असते, तरी त्या रात्री वाल तसेच राहिले असते.

गेल्या गणपतीत मी एक करून बघितलं. आप्पा आता फार बाहेर जात नाहीत. दुपारी पडवीत त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांना 'कोर्ट' सांगायला घेतला, मत न देता, ते सांगायचे तसा, पहिल्यापासून. गटार साफ करणारा एक माणूस मरतो आणि तुझ्या गाण्यामुळे त्याने जीव दिला म्हणून एका म्हाताऱ्या शाहिराला पकडतात. जज्ज बोलतो तसं टायपिस्ट टाइप करत जातो. आप्पांनी जमिनीच्या दाव्यात आयुष्याची बरीच वर्षं घालवलीत, ते मध्येच म्हणाले, "मग तारीख पडली असेल." मी म्हटलं, पडली. पुढेही पडतच राहते. मला त्यांच्यासारखं थांबता येत नाही, पाण्याचा तांब्या कुठे उचलायचा ते कळत नाही, तरी पाऊण तास सांगितला. सुट्टीवर गेलेला जज्ज बाकावर डुलक्या घेतो आणि ओरडून उठवणाऱ्या पोरांपैकी एकाला थोबाडीत मारतो, इथवर आणून सोडला.

आप्पा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कॅमेरा कसा होता गो?"

त्यांनी ते कसं विचारलं, मला ओळखता आलं नाही. चेहरा नेहमीचाच होता. वीस वर्षांपूर्वीचं त्यांना आठवत होतं, की खरंच जाणून घ्यायचं होतं, तेही कळलं नाही. मी म्हटलं, लांब ठेवलाय आप्पा, आणि फारसा हलत नाही. माणसं उठून गेली तरी तिथेच बघत राहतो.

"बरं," ते म्हणाले, आणि चहा टाकायला सांगितला.