बी.एस्सी. नर्सिंग ते नोंदणी : हजेरी, लॉगबुक आणि नावाचं स्पेलिंग

प्रवेशाचा भाग सरळ आहे. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन खुल्या गटात ४५ टक्के लागतात, वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत, मग राज्याची सीईटी आणि कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या. माझी पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. २०२१-२२ पासून अभ्यासक्रम आठ सेमिस्टरचा झालाय आणि शेवटच्या सेमिस्टरला २२ आठवड्यांची इंटर्नशिप असते, आठवड्याला ४८ तास.

माझ्या मते इथे मुलं अडतात ती थिअरीत कमी, हजेरीत आणि लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामाच्या सहीनिशी नोंदींच्या वहीत, जास्त. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी चालते म्हणून निर्धास्त राहतात. पण पदवी मिळण्याआधी क्लिनिकलची, म्हणजे रुग्णालयातल्या ड्युटीची, हजेरी १०० टक्के भरावीच लागते. बुडालेली प्रत्येक ड्युटी पुढे सुट्टीत भरून काढायची, तीही त्याच विभागात.

प्रॅक्टिकलला हमखास विचारतात ते सलाईनचे थेंब. ५०० मिली ४ तासांत द्यायचंय आणि सेट २० थेंबांचा (२० थेंबांचा एक मिली) आहे, तर ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. गडबड दोन जागी होते : तासांची मिनिटं करायची राहतात, किंवा सेटच्या पाकिटावरचा आकडा न वाचता २० धरला जातो. मायक्रोड्रिप म्हणजे बारीक थेंबांच्या सेटला ६० थेंबांचा एक मिली, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. थेंब लावून निघून जाऊ नका. पेशंटने कोपर दुमडला की वेग पडतो. घड्याळ धरून पूर्ण मिनिट पुन्हा मोजा. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, नेमकं हेच बघतात.

लॉगबुकातल्या लेबर रूमच्या नोंदी सगळ्यात रखडतात, कारण एकाच रुग्णालयात दोन-तीन कॉलेजांच्या मुली असतात आणि प्रसूती वाटून घ्याव्या लागतात. नाइट ड्युटी मागून घेतली की नोंदी लवकर भरतात. पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते त्याचा आलेख, गर्भाशयाचं तोंड ४ सेंटीमीटर उघडल्यापासून सुरू करायचा, बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला. बाळ बाहेर आल्यावर पोटात दुसरं नाही ना हे चाचपायचं आणि मिनिटभरात ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसवून रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन) १० युनिट आईच्या स्नायूत. लॉगबुकवर सही त्याच शिफ्टला घ्या. सिस्टरची बदली झाली की जुन्या केसवर दुसरं कुणी सही करत नाही, आणि करूही नये.

निकालानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करायचा : सगळ्या गुणपत्रिका, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, कोर्स पूर्ण केल्याचा दाखला, आधार, फोटो. अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा नावावरून. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांच्या नावात एका कागदावर डबल ‘ए’ तर दुसऱ्यावर एकच. हे दुरुस्त करायची वेळ पहिल्या वर्षी असते, तेव्हा फक्त आधार बदलावं लागतं. नंतर विद्यापीठाचे कागदही बदलत बसावं लागतं. लग्नानंतर नाव बदलणार असाल तर राजपत्रातली नोंद जोडावी लागते.

नोंदणी परिचारिका (नर्स) आणि प्रसाविका (मिडवाइफ) अशी दोन्हींची होते, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. गोव्यात किंवा इतर राज्यात नोकरी करायची तर इथलं ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन तिथल्या परिषदेत नोंदणी करावी लागते. एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला, बी.एस्सी.वाल्यांना अनुभवाची अट नाही, पण नोंदणी जाहिरातीतल्या तारखेपर्यंत हातात हवी. म्हणून निकाल लागला त्याच आठवड्यात अर्ज टाका.