शेवटचं तेल

१८ डिसेंबर, रात्री

सकाळी साडेसातला आमच्या जुन्या पॉइंट्समनचा, म्हणजे यार्डात रुळांचे सांधे बदलणाऱ्याचा, फोन आला. "भाऊ, आपलं इंजन उद्यापासून कापाले घेनार हायेत. पाहाले येता का?" तर्रीपोह्यांची प्लेट अर्धीच राहिली. स्कूटरवर बोटं गारठून गेली, तरी वाटेत चहाला थांबावंसं वाटलं नाही.

वीज केंद्राच्या लोको शेडमध्ये मी एकोणतीस वर्षं फिटर होतो. त्यातली बहुतेक वर्षं या एका डब्ल्यूडीएस-६ वर गेली. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल आणि एस म्हणजे शंटिंग, यार्डातच वॅगन जोडणं, ढकलणं. १३५० अश्वशक्ती, वजन सव्वाशे टनांच्या वर. पोटात अल्को या अमेरिकन कंपनीच्या बनावटीचं एका ओळीतलं सहा सिलिंडरचं इंजिन. मेल-एक्स्प्रेस ओढणाऱ्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये सोळा सिलिंडर असायचे, पण घराणं तेच. म्हणून लायनर, पिस्टन, हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) असे सुटे भाग मिळायला फारसा त्रास पडायचा नाही आणि म्हणूनच ही इंजिनं इतकी टिकली. त्याच्याही आधी शेडमध्ये चित्तरंजनला बनलेलं एक डब्ल्यूडीएस-४ होतं. डिझेल असूनही त्याच्या चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे. ते चालताना बघत राहावंसं वाटायचं.

लोकांना रेल्वेचं इंजिन म्हटलं की लांबचा प्रवास आठवतो. आमचं इंजिन जन्मभर दोन-तीन किलोमीटरांतच फिरलं. रेल्वेचं इंजिन ५८ वॅगनचा रेक, म्हणजे अख्खी कोळशाची मालगाडी, यार्डात सोडून निघून जायचं. तिथून टिपलरपर्यंतचं काम आमचं. टिपलर म्हणजे वॅगन उलटी करून कोळसा पाडणारं यंत्र. भरलेली एक बॉक्सएन, म्हणजे वरून उघडी वॅगन, ८१ टनांच्या आसपास, म्हणजे रेक साडेचार हजार टनांवर. त्याचे तुकडे करायचे, ढकलत न्यायचे आणि एकेक वॅगन टिपलरच्या पाळण्यात नेमकी उभी करायची. वॅगन उलटी झाली, कोळसा खाली गेला की पुढची. वेळेत रेक रिकामा झाला नाही की डॅमरेज, म्हणजे रेल्वेचा उशिराचा दंड, सुरू. रात्री बारा वाजता जोडणीवर उभा असलेला पॉइंट्समन हिरवी बत्ती डोक्याच्या वर धरून मनगट फिरवायचा. त्याचा अर्थ, जोडायला हळू ये. हातभर अंतर उरलं की इंजिन चालवणाऱ्या शंटरचा श्वास अडकायचा. तेवढं मोठं धूड इतक्या हळू चालवणं ही मोठी कला आहे, आणि तिचं कौतुक कोणी केलेलं मी ऐकलं नाही.

थंडीतली एक पहाट मी विसरणार नाही. इंजिन रात्रभर बंद होतं. सुरू करण्याआधी सिलिंडरचे सगळे टेस्ट कॉक, म्हणजे छोटे नळ, उघडायचे आणि बार लावून क्रँकशाफ्ट हाताने फिरवायचा, हा नियम. सहा वाजले होते, रेक उभा होता, वरून साहेबांची घाई. मी तरी बार लावला. दोन माणसांनी जोर दिला आणि चार नंबरच्या कॉकमधून पाण्याची बारीक पिचकारी निघाली. हेड गळत होतं. तसंच स्टार्ट केलं असतं तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉडच वाकला असता. हेड उतरवलं, दुसरं चढवलं, दुपार झाली. शिव्या खाल्ल्या. त्या दिवशी मी इंजिन वाचवलं हे मला माहीत होतं, आणि माझ्या मदतनिसाला.

मग काम हळूहळू निघून गेलं. टिपलरजवळ साइड आर्म चार्जर आला. रुळालगतच्या वेगळ्या वाटेवर चालणारा हा यंत्राचा हात वॅगन स्वतःच ढकलतो. तळाला दारं असलेल्या बीओबीआर वॅगन तर हॉपरवर, म्हणजे रुळांखालच्या कोळशाच्या खड्ड्यावर, उभ्या उभ्या खालूनच रिकाम्या होतात. रेल्वेच्या इंजिन-ऑन-लोड योजनेत त्यांचंच इंजिन माल उतरेपर्यंत थांबतं. यात वाईट काहीच नाही, कोळसा लवकर उतरतो. फक्त मधल्या इंजिनाला कोणी विचारत नाही. अशी काही इंजिनं दुसऱ्या कारखान्यांत गेली, काहींचे भाग काढून शेजारच्याला लावले. उरलेली ई-लिलावात वजनाच्या हिशेबाने.

नागपुरातल्या मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात मी नातवाला दोनदा नेलंय. २००२ पासून छोट्या रुळांवरची ती इंजिनं तिथे मायेने ठेवली आहेत, आणि ते योग्यच आहे. पण कारखान्याच्या सायडिंगवरच्या, म्हणजे आतल्या खासगी रुळांवरच्या, इंजिनाला स्टेशन नसतं, प्रवासी नसतात. मग त्याची आठवण कोण ठेवणार?

आज ते गाजरगवतात उभं होतं. बॅटरीचे खोके रिकामे. वाळूच्या पेटीत साळुंकीचं घरटं. हूडचं दार उघडलं तर डिझेल आणि जुन्या तेलाचा तोच वास. चार नंबरचं हेड आधीच कोणीतरी काढून नेलेलं होतं. त्या जागेवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिलो. पॉइंट्समन पाठ करून बिडी ओढत होता.

ठेकेदाराची पोरं गॅस कटर उतरवत होती. त्यातला एक जेमतेम विशीचा. मी विचारलं, "तेल काढलं का रे?" तो म्हणाला, "कापतानीच निंगन ना काका." पोटात धस्स झालं. क्रँककेसमध्ये तेल, टाकीच्या तळाशी डिझेल, वर ज्योत. त्याला सोबत घेऊन खाली वाकलो. ड्रेन कॉक कुठे आहे, आधी कोणता उघडायचा, टाकीची झाकणं किती वेळ उघडी ठेवायची, सगळं दाखवलं. कॉक जाम होता. माझ्या मनगटात आता जोर नाही, म्हणून त्याच्याकडे पाइप दिला आणि कुठे धरायचा ते सांगितलं. तिसऱ्या झटक्याला कॉक फिरला आणि काळं, घट्ट तेल डब्यात पडू लागलं. तीन डबे भरले. दुपारी घरी आलो तेव्हा बोटांना तो वास होता, अजून आहे.