आमची वाटचाल: 33 मीटरचा दोर

भांडुपला आमचा दहा बाय पंधराचा गाळा. 2008 साली सुरुवात रेडियमच्या कामाने केली: टेम्पोच्या फळीवर पट्ट्या, रिक्षांवर देवांची नावं. गिऱ्हाईक सगळे ड्रायव्हरच.

2017च्या मे महिन्यात एक्सप्रेसवेच्या भाताण बोगद्यात माझी व्हॅन पुढच्या ट्रकवर आदळता आदळता वाचली. बाहेर रखरखीत ऊन, आत शिरताच डोळ्यांपुढे काळोख, आणि ट्रकवाल्याने नेमका तोंडाशीच ब्रेक दाबला. आत झाड नाही, दुकान नाही. पुढचे दोन लाल दिवे 20 मीटरवर आहेत की 40, ते नजरेला उमगत नाही. बायको शेजारी होती. पनवेल येईपर्यंत दोघंही गप्प.

आधी पुढच्या गाडीचं अंतर कळावं म्हणून काचेवर लावायची मापाची पट्टी काढली. 40 विकल्या. पण ड्रायव्हर बदलला, सीट सरकली की माप चुकायचं. सगळ्या परत घेतल्या, पैसे दिले.

मग दोर सुचला. पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचं अंतर हवं. 60च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते, दोन सेकंदांत 33. तेवढा नायलॉनचा दोर, दर मीटरला रेडियमची पट्टी. स्टाफ बसच्या डेपोत तो अंथरतो आणि सांगतो, "बोगद्यात जेवढं अंतर ठेवता, तेवढ्यावर उभे राहा." बहुतेक जण 12व्या-15व्या पट्टीशी थांबतात. 22 वर्षं बस चालवणारे एक काका टोकापर्यंत चालत गेले, मागे वळून म्हणाले, "एवढ्यात तर दुसरा घुसतो, शेठ!" घुसतोच. घुसू द्या, पाय जरा उचला, पुन्हा अंतर धरा. पुढची गाडी भिंतीवरच्या एखाद्या पाटीला मागे टाकते तेव्हा "एकशे एक, एकशे दोन" म्हणायचं. ते संपायच्या आत आपण पाटीशी पोचलो, तर फार जवळ आहोत.

मार्च 2024मध्ये कोस्टल रोडचा मलबार हिलखालचा दोन किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि आम्हाला बोलावणी वाढली. तिथे मर्यादा 60चीच, म्हणून हाच दोर चालतो.

ड्रायव्हरना फ्रान्स-इटलीमधल्या माँ ब्लाँ बोगद्याबद्दलही सांगतो. 1999च्या आगीत तिथे 39 माणसं गेली. आता तिथे चालत्या गाड्यांत 150 मीटर अंतर लागतं, ते कळावं म्हणून भिंतीवर निळे दिवे आहेत. गाड्या थांबल्या तरी 100 मीटर सोडायचे. हे ऐकून डेपोत शांतता पसरते.

ओल्या रस्त्यासाठी चार सेकंदांचा, 66 मीटरचा दोर तयार आहे. डेपोत मावत नाही, म्हणून रविवारी सकाळी मोकळं मैदान शोधतोय.