‘दोन रात्री मोफत’चं खरं बिल: ठाण्याहून एकट्याने टाइमशेअर रिसॉर्ट पाहायला निघताना

निकाल आधी सांगतो. मॉलमध्ये चिठ्ठी भरून किंवा फोनवर ‘लकी ड्रॉ’ लागून मिळालेल्या व्हाउचरवर रिसॉर्ट पाहायला जाऊ नका. टाइमशेअरची मेंबरशिप, म्हणजे आधी मोठी रक्कम भरून पुढची काही वर्षं दरवर्षी ठरावीक रात्री रिसॉर्ट वापरण्याचा हक्क, घ्यायचा खरंच विचार असेल तर स्वतःच्या पैशाने, आठवड्याच्या मधल्या वारी, साध्या गिऱ्हाइकासारखे जा. एकटे जाणार असाल तर दुसरा मार्ग नाहीच. व्हाउचरच्या मागची बारीक अक्षरं वाचा: विवाहित जोडपं, दोघांची हजेरी, वयाची आणि उत्पन्नाची अट. एकट्या माणसाला कंपन्या ही ‘भेट’ देत नाहीत, आणि दिलीच तरी बिल दोघांचं लावतात.

ते बिल कसं होतं बघा. खोली मोफत, पण ‘युटिलिटी चार्ज’ माणशी रात्रीला, किमान दोन माणसं. जेवणाचा प्लॅन सक्तीचा, तोही किमान दोघांचा. समजा युटिलिटी १,००० रुपये आणि जेवण १,८०० रुपये माणशी. दोन रात्रींचे ४,००० आणि ७,२०० मिळून ११,२०० रुपये झाले, जीएसटी वेगळा. शुक्रवार-शनिवार चालत नाही, जोडून सुट्ट्या चालत नाहीत, तारीख महिनाभर आधी कळवायची आणि ती मिळेलच याची खात्री नाही. त्याच रिसॉर्टमध्ये मंगळवारी एका माणसासाठी नाश्त्यासकट खोलीचा दर विचारा. बऱ्याचदा ‘मोफत’पेक्षा तो स्वस्त पडतो.

दर विचारताना ७,५०० चा आकडा डोक्यात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलं की १८. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकाला हजारावर भुर्दंड. शिवाय ज्या रिसॉर्टने मागच्या आर्थिक वर्षात एखादी जरी खोली ७,५०० च्या वर विकली असेल, त्याच्या रेस्टॉरंटच्या बिलावरही ५ ऐवजी १८ टक्के लागतात. मोठ्या रिसॉर्टमधलं जेवण महाग वाटतं त्यात याचाही वाटा आहे. सर्व्हिस चार्ज मात्र सरळ काढायला सांगा. तो आपोआप बिलात घालता येत नाही हे मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही सांगितलंय.

आता रस्ता. सकाळची इंद्रायणी किंवा दुपारनंतरची सिंहगड ठाण्याला थांबते, लोणावळ्याला उतरा. नवी मुंबईकरांनी आधी ठाणं किंवा पनवेल गाठावं. कार्ल्याच्या बाजूचं रिसॉर्ट असेल तर काही अवघड नाही: पुण्याकडची लोकल धरून मळवली, नाहीतर जुन्या हायवेवरून कार्ला फाटा. एकवीरेला जाणाऱ्यांना हा भाग पाठ असतो. रविवारी आणि चैत्रात तिकडे जाऊ नका, इतकंच.

खरी हजामत होते ती पवना धरणाच्या बाजूला. रिसॉर्टच्या पत्त्यात ‘लोणावळा’ लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात जागा दुधिवरे खिंड ओलांडून, तुंग-तिकोना किल्ल्यांच्या अंगाला. लोणावळ्यात रिक्षा मीटरने चालत नाही. ॲपवरची गाडी दिसली तरी येईलच असं धरू नका. तिकडून परत येताना भाडं मिळत नाही, म्हणून रिक्षा-टॅक्सीवाला जाण्यायेण्याचं दोन्ही भाडं एकदमच सांगतो. चौघांत ते वाटलं जातं, एकट्याला पूर्ण बसतं. परतीला रिसॉर्टच्या डेस्कवरून गाडी मागवली तर त्यात डेस्कचंही कमिशन. यावर एकच उपाय: उतरवतानाच त्या चालकाचा नंबर घ्या, परतीची वेळ आणि रक्कम तिथेच ठरवा, अर्धेच पैसे द्या. खिंडीपलीकडे मोबाइलची रेंज भरवशाची नसते, त्यामुळे नकाशा आधी उतरवून घ्या आणि रोख जवळ ठेवा. जून ते सप्टेंबर शनिवार-रविवारी हा टप्पा सरळ सोडा. भुशीच्या गर्दीत तासन्‌तास अडकायला होतं, वर धुकं. संध्याकाळी सहानंतर एकट्याने तिकडे निघूच नये. सॅक पाठीवर घेऊन चालत जाता येईल असं नकाशा बघून वाटतं. जाता येतं, पण दुसऱ्या दिवशी रिसॉर्ट बघायचं त्राण उरत नाही.

गावापासून इतक्या लांब जागा असण्याचा दुसरा अर्थ जेवणाच्या वेळी कळतो. बाहेर वडापावची गाडीसुद्धा नाही, म्हणून आतल्या बुफेला पर्याय नाही. खोलीत ‘किचनेट’ आहे म्हणतात. अनेक ठिकाणी तो ओटा, सिंक, छोटा फ्रिज आणि चार कप एवढाच असतो. शेगडी नसते, इंडक्शन मागितलं तर भाडं. बुक करताना नेमकं विचारा: शेगडी आहे का, भांडी आहेत का, बाहेरचं जेवण आत आणू देतात का. इलेक्ट्रिक केटल, पोहे, चहापूड ठाण्याहूनच न्या.

रिसॉर्टवर पोहोचल्यावर खोलीपेक्षा माणसं बघा. सकाळी नाश्त्याला मेंबर भेटतात, मोकळेपणाने बोलतात. त्यांना चारच गोष्टी विचारा: यंदाची वार्षिक फी किती, घेतली तेव्हा किती होती, मागच्या मे महिन्यात हवी ती जागा मिळाली का, आणि विकायचा प्रयत्न केला का. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण हसतात. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास खोलीतल्या फोनवर ‘जरा कॉफीला या’ असं बोलावणं येतं, ते विक्रीचंच.

महाबळेश्वर-पाचगणीचा टप्पा सोपा. स्वारगेटहून एसटी, वाई, पसरणी घाट, उतरलात की झालं. परतीला आंबेनळी घाटाने पोलादपूर-महाड-पनवेल हा रस्ता नवी मुंबईकरांना जवळचा वाटतो. पावसाळ्यात दरडी येऊन तो बंद पडतो, तेव्हा वाईवरूनच या.

विक्रीची बैठक घ्यायचीच असेल तर वाशीच्या किंवा घोडबंदर रोडच्या हॉटेलातल्या हॉलमध्ये घेऊ नका. ‘नव्वद मिनिटं’ म्हणून बसवतात आणि तीन-चार तास सोडत नाहीत. मोठ्या आवाजात गाणी, कुणी सही केली की टाळ्या, आधी आठ लाखांचा आकडा, मग ‘मॅनेजर’ येऊन तो पाच, मग चार. ‘ऑफर आजपुरतीच’ हे शब्द ऐकले की उठा. क्रेडिट कार्ड घरी ठेवून जा. ‘फक्त व्हेरिफिकेशन’ म्हणून कार्ड मागतात आणि ओटीपी दिला की डाउन पेमेंट गेलंच समजा. बोलायचं तर रिसॉर्टवर, दिवसाउजेडी, आणि आधी ॲप उघडून दाखवायला सांगा: तुम्हाला विकतायत त्याच सीझनच्या आणि त्याच खोलीच्या मेंबरला पुढची दिवाळीची सुट्टी, मेचा दुसरा आठवडा आणि ३१ डिसेंबर, महाराष्ट्रातल्या तीन ठिकाणी मिळतं का. स्क्रीनचा फोटो काढा. सीझनचे रंग असतात. जांभळा सगळ्यात महाग, मग लाल, पांढरा, निळा. स्वस्तात मिळते ती मेंबरशिप बहुधा निळी किंवा पांढरी, आणि मुलांची शाळा असलेल्या घराला ती कामाची नाही. परदेशातल्या अदलाबदलीचं आमिष दाखवतील; ती अदलाबदल करून देणाऱ्या आरसीआय कंपनीची मेंबरशिप आणि दर अदलाबदलीची फी वेगळी लागते.

हिशेब कागदावर करा. समजा ४ लाख, २५ वर्षं, वर्षाला सात रात्री, वार्षिक फी २०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,६००. चार लाख सात टक्क्यांच्या एफडीत ठेवले तर वर्षाला २८,००० येतात आणि मुद्दल शाबूत राहतं. दोन्ही मिळून ५१,६००, भागिले सात, रात्रीला ७,३७१ रुपये. जेवण, गाडी वेगळी. फी सहा टक्क्यांनी वाढत गेली तर बारा वर्षांत दुप्पट होते. गेलात नाहीत तरी ती भरावीच लागते. थकली की बुकिंग बंद. आणि हातात येतो तो वापरण्याचा हक्क. सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव लागत नाही. दरवर्षी सात रात्री न चुकता, आठवड्याच्या मधल्या वारी आणि तेही लांबच्या राज्यांत घालवणाऱ्या निवृत्त जोडप्याला हे परवडू शकतं. एकट्या नोकरदाराने घेऊ नये.

सही झालीच असेल तर करारातलं ‘रिसिशन’ किंवा ‘कूलिंग ऑफ’चं, म्हणजे ठरावीक दिवसांत करार रद्द करू देणारं कलम शोधा. अनेक कंपन्यांच्या करारात १० दिवसांची मुदत असते. ती कोणत्या तारखेपासून मोजतात ते वाचा. रद्द करायचं तर फोनवर बोलत बसू नका, तोंडी ‘हो, केलं’ला काही किंमत नसते. ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही, मुदतीच्या आत, पावती जपून. ‘तुमची मेंबरशिप विकून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा’ म्हणणाऱ्यांना एक रुपया देऊ नका.

तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. करारात ‘न्यायक्षेत्र अमुक शहर’ लिहिलंय म्हणून घाबरू नका. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडात, त्यांचा आयोग अलिबागला. दावा ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो, तेवढी वडखळ नाक्यावरून अलिबागची एक खेप वाचते.