ट्रेटिनॉइनला मी दोन वर्षं उगाच शिव्या घातल्या

मेडिकलवाल्याने दिलेली ती पहिली ट्यूब मी चार महिने लावली आणि त्या चार महिन्यांत ऑफिसमधल्या निदान सहा जणींनी मला बाजूला घेऊन विचारलं की तू काय लावतेस गं. हे सगळं मास्कच्या दिवसांतलं. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने पिंपल्सची रांग, ते गेले की काळे डाग, डाग जायच्या आत पुढची बॅच हजर. मी मेडिकलमध्ये जाऊन नुसतं म्हटलं, दादा डागांवर काहीतरी द्या, त्याने मागे वळूनही न बघता हात वर करून एक ट्यूब काढली, म्हणाला रात्री लावा, सगळे हीच नेतात. आठ दिवसांत चेहरा उजळला, पिंपल्स गायब, आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं फिल्टर लावलायस का. ट्यूबवर बारीक अक्षरात तीन नावं होती, त्यातलं मला एकच ओळखीचं वाटलं, ट्रेटिनॉइन, म्हणजे पिंपल्स आणि डागांवर लावायचं रेटिनॉइड जातीचं औषध, कारण रील्समध्ये सगळ्या तेच बोलत होत्या, त्यामुळे डोक्यात पक्कं बसलं की हे जे काय झालंय ते रेटिनॉइडनेच झालंय.

मग गणपतीला इचलकरंजीला गेले आणि ट्यूब पुण्यात राहिली. चौथ्या दिवशी गाल लालबुंद, नुसतं पाणी मारलं तरी आग, पाचव्या दिवशी बारीक बारीक पुटकुळ्या, जिथे आधी कधी नव्हत्या तिथे कपाळावर सुद्धा. आरतीला कापूर पेटला की त्याची धग सहन होईना, मी आपली मागे दाराशी जाऊन टाळ्या वाजवत उभी. पुण्याला आल्या आल्या परत ट्यूब लावली, दोन दिवसांत सगळं शांत. झालं, माझे तीन निष्कर्ष तयार, की रेटिनॉइडने आठवड्यात माणूस उजळतो, ते एकदा धरलं की सुटत नाही, आणि त्याने कातडी पातळ होते, कारण तोवर गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या होत्या. हे तिन्ही मी पुढे बऱ्याच जणींना छातीठोकपणे सांगितलं. तिन्ही चूक निघाले.

स्किनच्या डॉक्टरांकडे गेले ते असंच दुसऱ्यांदा झाल्यावर. मॅडमनी ट्यूब बरोबर आणायला सांगितली होती. त्यांनी ती टेबलावरच्या दिव्याखाली धरली, अंगठ्याने ट्रेटिनॉइनचं नाव झाकलं आणि म्हणाल्या, आता उरलेलं वाचा. मी वाचलं, हायड्रोक्विनोन आणि मोमेटासोन. हायड्रोक्विनोन म्हणजे डाग फिकट करणारं औषध. मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. हे मला माहीतच नव्हतं, मी चार महिने आणि मग परत अधूनमधून वर्षभर चेहऱ्याला स्टिरॉइड चोपडत होते.

त्यांनी सांगितलं ते असं. हे तिहेरी मिश्रण मुळात वांगासाठी आहे, तेही थोडे आठवडे आणि डॉक्टरच्या नजरेखाली. क्लिगमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९७५ मध्ये असं एक मिश्रण मांडलं, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड, आणि आपल्याकडे त्याचीच भावंडं दुकानातून गोरं व्हायचं क्रीम म्हणून विकली जातात. आठ दिवसांत लाली आणि पिंपल्सची सूज बसवली ती स्टिरॉइडने, सोडल्यावर उसळलं ते स्टिरॉइड सुटल्यामुळे, शिरा दिसायला लागल्या त्याही स्टिरॉइडने कातडी पातळ केल्यामुळे. ट्रेटिनॉइनचं नाव तेवढं मला वाचता आलं म्हणून सगळा गुन्हा त्याच्यावर. त्वचारोगवाल्यांकडे या प्रकाराला सरळ स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा असंच म्हणतात आणि असे पेशंट त्यांच्याकडे रोज येतात म्हणे.

कातडी पातळ होण्याचं तर उलटंच आहे. ट्रेटिनॉइनने अगदी वरचा मेलेल्या पेशींचा थर थोडा बारीक आणि घट्ट होतो हे खरं, म्हणून सुरुवातीला चेहरा नाजूक होतो, पण त्याच्या खालचा जिवंत थर जाड होतो आणि त्याच्याही खाली नवीन कोलॅजन तयार होतं. फक्त ते सगळं महिन्यांच्या हिशोबात, आठवड्याच्या नाही. आठ दिवसांत कोण चमकवत असेल तर ट्यूब उलटी करून वाचा, एवढं मात्र मी आता कोणालाही सांगते.

पुढचे काही महिने फक्त साधा फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आणि आग जास्त झाली तर मॅडमनी दिलेलं एक मलम. ते दिवस वाईट होते, त्याबद्दल फार लिहीत नाही. गाल शांत झाल्यावर मॅडमनी नवीन चिठ्ठी लिहिली आणि मी बघते तर काय, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के. मी म्हटलं, मॅडम पुन्हा तेच? त्या म्हणाल्या, पुन्हा नाही, पहिल्यांदाच, आधी तुम्ही ते एकटं कधी लावलंय?

मग त्यांनी विचारलं, लग्न झालंय का, मुलाचा विचार आहे का. मला जरा रागच आला, इथेही तेच का, पण कारण वेगळं होतं. याच घराण्यातलं आयसोट्रेटिनॉइन, जे पिंपल्ससाठी पोटात घेतात, ते गरोदरपणात घेतलं तर बाळाला गंभीर व्यंग होऊ शकतं. क्रीममधून रक्तात फारच कमी जातं, तरी तिथे कोणी रिस्क घेत नाही, मूल हवं असेल तर आधीच बंद. हे माझ्या फार उपयोगी पडलं कारण पुढे वहिनीने माझी ट्यूब मागितली तेव्हा मी पहिला प्रश्न तोच विचारला आणि ती लाजली, म्हणजे उत्तर मिळालं, ट्यूब नाही मिळाली.

तर पहिली खरी ट्यूब. वीस ग्रॅमची. सांगितलं होतं दर तिसऱ्या रात्री, वाटाण्याएवढं. मी लावलं रोज रात्री, कारण दोन वर्षं वाया गेली होती आणि आता घाई होती, आणि जास्त लावलं तर लवकर होईल हे गणित माझ्या आईच्या पिढीपासून चालत आलंय. दुसऱ्या आठवड्यात नाकाच्या बाजूची आणि ओठांच्या कोपऱ्यांची सालं निघायला लागली. भाकरी ठेच्याबरोबर खाल्ली की कोपऱ्यात अशी आग, की मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावून तसाच धरून ठेवायचे. तरी मी खूश, कारण सालं निघतायत म्हणजे काम करतंय असं मला वाटायचं. सतराव्या दिवशी ट्यूब संपली. फोन केला तर मॅडमना वाटलं हरवली.

किती लावत होतात? वाटाण्याएवढं, तुम्ही म्हणालात तसंच. कुठे? दोन गालांना दोन, कपाळाला एक, हनुवटीला एक, नाक आणि मान मिळून एक. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, अहो, सगळ्या चेहऱ्याला मिळून एक वाटाणा.

सालं निघणं म्हणजे औषध काम करतंय याचा पुरावा नाही, ती नुसती चिडलेली कातडी आहे, हेही तेव्हाच कळलं. आणि ताकदीचं पण तसंच. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ०.०२५ आणि ०.१ टक्के अशा दोन्ही ताकदी ४८ आठवडे लोकांना लावून बघितल्या होत्या, उन्हाने खराब झालेल्या चेहऱ्यांवर, फायदा जवळपास सारखाच निघाला, त्रास मात्र ०.१ वाल्यांना जास्त. म्हणजे मी जे पाचपट लावत होते त्याने फक्त आगच पाचपट.

दुसरी ट्यूब नीट लावली. चेहरा धुवून पुसायचा, वीसेक मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्यायचा कारण ओल्या चेहऱ्यावर जास्त झोंबतं, तोवर मी भांडी घासून घ्यायचे. मग मॉइश्चरायझर, मग एक वाटाणा बोटावर घेऊन त्याचे पाच ठिपके करून पसरायचा, डोळ्यांचे, नाकाचे, ओठांचे कोपरे सोडून, वर परत मॉइश्चरायझर. आधी मॉइश्चरायझर लावलं तर औषध आत जाणारच नाही असं मला एकीने सांगितलं होतं. थोडं हळू जातं, पण जातं, आणि रोज झोंबून महिन्यात ट्यूब फेकून देण्यापेक्षा हळू गेलेलं बरं.

चौथ्या आठवड्यात पिंपल्स वाढले. घाबरले नाही असं म्हणणार नाही. ऑफिसमधली एक म्हणाली डिटॉक्स होतंय, आतली घाण बाहेर येतेय. घाणबिण काही नसते, कातडीखाली जे बारीक बंद दाणे आधीच तयार असतात ते एरवी दोन महिन्यांनी वर आले असते ते आता लवकर वर येतात एवढंच, कारण जुन्या पेशी जाऊन नवीन येण्याचा वेग वाढलेला असतो. पण मॅडमनी एक मर्यादा घालून दिली होती, नेहमीच्या जागीच आले तर थांबा, भलत्याच ठिकाणी आले किंवा तीन महिन्यांनंतरही येत राहिले तर दाखवायला या. माझे हनुवटीवरच आले. नवव्या आठवड्याच्या आसपास कमी झाले.

उन्हाळ्याचं पण ऐकून घ्या. एप्रिल आला तसं सगळ्या म्हणाल्या आता बंद कर, उन्हात चेहरा जळेल. रात्री लावायचं त्याचं एक मोठं कारण वेगळंच आहे, ट्रेटिनॉइन स्वतःच उजेडात खराब होतं, त्याच घराण्यातलं दुसरं औषध, अडापॅलीन, तसं होत नाही. चेहरा उन्हाला जास्त नाजूक होतो हे खरं, पण सनस्क्रीन तर डागांसाठी तसंही बारा महिने लावायलाच हवं, नाहीतर रात्री डाग पुसायचे आणि दिवसा उन्हात परत उमटवायचे असं होतं. मी सिंहगड रोडवरून स्कूटी चालवत येते, पुण्याच्या पद्धतीप्रमाणे डाकूसारखा स्कार्फ बांधून, त्यामुळे मला वाटायचं सनस्क्रीन कशाला. स्कार्फ हवाच, पण एक तर तो पातळ, दुसरं म्हणजे तो घाम आणि धुळीने कडक झालेला असला की त्याच जागी घासून पुरळ. आता चार सुती स्कार्फ आहेत आणि रोज धुतलेला, आत सनस्क्रीन.

सगळ्यात मोठी माती खाल्ली ती भावाच्या लग्नात. ताकद वाढवून ०.०५ केली होती, कातडी छान सवयीची झाली होती, मी निर्धास्त. हळदीच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये अप्पर लिपला थ्रेडिंग दुखतं म्हणून म्हटलं वॅक्स करा. पार्लरवाल्या ताईंनी रीतसर विचारलं, चेहऱ्याला काही लावतेस का? मी म्हटलं, नाही, म्हणजे मला वाटलं त्या मेकअपचं विचारतायत. पट्टी ओढली तशी केसांबरोबर कातडीही आली. ओठाच्या वर नखाएवढा ओला लाल पट्टा. ताईंचाच चेहरा माझ्यापेक्षा पांढरा पडला. दुसऱ्या दिवशी काकूंनी उत्साहाने हळदीचा हात नेमका तिथेच फिरवला, मी अशी किंचाळले की बँजोवाला थांबला. तो पट्टा बरा झाला पण त्याचा तपकिरी डाग दोन महिने राहिला, मिशीसारखा, आपल्या रंगाच्या कातडीला जरा इजा झाली की डाग धरतोच. लग्नाच्या अल्बममध्ये आहे तो. चूक ना औषधाची ना ताईंची. वॅक्स करायचं असेल तर बरेच दिवस आधी बंद ठेवायचं, हे ट्यूबबरोबरच्या घडी केलेल्या कागदावर लिहिलेलं असतं, जो आपण खोक्यासकट कचऱ्यात टाकतो.

याच लग्नात मामेबहीण म्हणाली, मी १ टक्का रेटिनॉल लावते, तू अजून पॉइंट शून्य पाचवरच? आकड्यांची अशी तुलना होत नाही हे तिला समजावता समजावता पंगत उठली. सीरममधलं रेटिनॉल कातडीत गेल्यावर आधी रेटिनाल्डिहाइड होतं, मग त्याचं रेटिनॉइक ॲसिड, आणि ट्रेटिनॉइन म्हणजे ते रेटिनॉइक ॲसिडच, तयार. वाटेत बरंच गळतं. त्यामुळे रेटिनॉल वाईट नाही, सौम्य आणि हळू आहे, पण १ म्हणजे ०.०५ च्या वीसपट असला हिशोब भाजीबाजारात ठेवायचा.

आईचा या सगळ्याला पहिल्यापासून विरोध होता, ॲसिड हा शब्द ऐकल्यापासून. बेसन लाव, साय लाव, केमिकल नको. आई तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. एकदा मी तिला विचारलं, तू पोरांना ते पिवळं तेलकट औषध पाजायचीस ते काय होतं? म्हणाली, व्हिटॅमिन ए, नवव्या महिन्यात एक मिली, मग दर सहा महिन्यांनी दोन मिली, पाच वर्षांपर्यंत, नऊ डोस, अजून पाठ आहे तिला, आणि ते चमच्यावरच्या रेघेपर्यंत मोजूनच द्यायचं, एक थेंब जास्त नाही. म्हटलं, आई, हे त्याच घरातलं आहे. ती ट्यूब हातात घेऊन बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, मग तू मोजून का नाही लावलंस?

आता तीन वर्षं होत आली. पिंपल्स महिन्याला एखादा, तोही त्या चार दिवसांत. डाग जायला आठ महिने गेले, एक अजून आहे डाव्या जबड्यावर, पुसट. शिरा थोड्या राहिल्यात.

यंदा गणपतीला परत ट्यूब पुण्यातच राहिली. गाडीत खंबाटकी घाटात आठवलं आणि पोटात गोळाच आला, जुन्या सवयीने. पाच दिवस घरी होते. रोज सकाळी आरशात बघत होते. आरतीला पुढे उभी होते, कापराचं ताट माझ्याच हातात होतं. काही झालं नाही, पाचव्या दिवशी हनुवटीवर एक पिंपल आला, आणि आई म्हणाली एकवीस मोदकांतले अकरा कोणी खाल्ले.